घरचं झटपट सूप आणि साधी मासळी: गोव्याच्या स्वयंपाकघरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची मापं चार माणसांची आहेत. चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा १५ मिली, वाटी १५० मिली. मासळीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: मासळी भांड्यात फार लवकर पडते. रस आधी पुरता शिजवावा, मीठ-आंबट तिथेच जुळवावं आणि मासळी शेवटी सोडावी. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे पुन्हापुन्हा येईल, कारण ते खरंच तितकं महत्त्वाचं आहे.

संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्ध्या तासात सूप आणि मासळी दोन्ही होतात का?

होतात, पण क्रम चुकता कामा नये. आल्याबरोबर मासळी धुऊन मीठ-मसाला लावून ठेवा आणि एका शेगडीवर सूपचं पाणी चढवा. मसाला मुरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात सूप होतं. सूप झाकून उतरवलं की तवा ठेवा. तळलेली मासळी थांबत नाही, रव्याचा कुरकुरीतपणा पाच-सात मिनिटांत जातो. सूपला थांबायला काही हरकत नसते.

खरा वेळ जातो तो साफ करण्यात. बाजारातच कापून घ्या, पण घरी आल्यावर दोन जागा स्वतः तपासा: पाठीच्या कण्याला चिकटलेलं काळपट रक्त आणि पोटाच्या आतली काळी पातळ साल. ही दोन राहिली की रश्शाला कडवट, उग्र वास येतो आणि मग दोष मसाल्याला दिला जातो. वाहत्या पाण्याखाली अंगठ्याच्या नखाने खरवडलं की दोन्ही निघतात.

मासळीच्या सूपसाठी कोणता मासा घ्यावा?

पांढऱ्या मांसाचा, कमी तेलकट. चोणक (जिताडा), तामसो (तांबोशी), शेवटो (बोय), मुडदुशी, लेपो हे चांगले. चोणकाचं किंवा तामशाचं डोकं मिळालं तर त्याहून उत्तम, कारण सूपला अंग येतं ते डोक्यातल्या आणि काट्यांतल्या चिकट भागामुळे. बांगडे आणि तारले (सार्डिन) हुमणाला, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातल्या मासळीच्या आमटीला, आणि तव्याला कितीही चांगले असले तरी सूपच्या पाण्याला नकोत. त्यांचं तेल उकळून वर तरंगतं आणि वास जड होतो.

डोकं-काटे उकळले की पाणी गढूळ आणि कडू होतं. काय चुकतं?

तीनपैकी एक गोष्ट. कल्ले काढलेले नसतात, आच मोठी असते, किंवा फार वेळ उकळलेलं असतं.

अर्धा किलो डोकं-काट्यांना एक लिटर गार पाणी घ्या. कल्ले पूर्ण काढा, रक्त धुऊन टाका. एक कांदा चार फोडी करून, आल्याचा तुकडा, सात-आठ मिरी दाणे, कोथिंबिरीच्या काड्या. मंद आचेवर ठेवा. वर येणारा करडा फेस पहिल्या पाच मिनिटांत चमच्याने काढून टाका. त्यानंतर पाणी नुसतं हलत राहावं, एखाददुसरा बुडबुडा वर यावा, एवढीच आच ठेवा. खळखळ उकळलं की चरबी आणि प्रथिनांचे कण पाण्यात फुटून मिसळतात आणि ते पुन्हा कधीच स्वच्छ होत नाही. वीस ते पंचवीस मिनिटांत गाळा. मटणाच्या हाडांसारखे मासळीचे काटे तास-दोन तास उकळायचे नसतात. जे द्यायचं ते अर्ध्या तासाच्या आत देऊन मोकळे होतात आणि त्यानंतर पाण्यात फक्त कडवटपणा उतरतो.

गाळलेल्या पाण्यात बारीक चिरलेलं गाजर, फरसबी आणि मूठभर पालक घालून सात-आठ मिनिटं शिजवा. भाजी शिजली की माशाचे बिनकाट्याचे तुकडे सोडा, तीन-चार मिनिटांत होतात. मिरपूड आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच.

कोळंबीची सालं टाकून द्यायची की वापरायची?

टाकू नका. एक किलो सुंगटं (कोळंबी) सोलली तर हाती निम्म्याच्या आसपास मांस लागतं. उरलेल्याचे पैसे तुम्ही दिलेलेच असतात आणि चव बरीचशी तिथेच असते. डोक्यातला नारिंगी भाग तर सूपचा प्राण. डोळे आणि पुढच्या टोकदार मिशा मात्र कापून टाका.

अर्धा किलो सुंगटांची सालं आणि डोकी धुऊन, पाणी पूर्ण निथळून, एक मोठा चमचा तेलात मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परता. आधी ती राखाडी असतात, मग गुलाबी, मग नारिंगी होतात आणि तेलाला रंग सुटतो. भाजल्याचा गोडसर वास आल्याशिवाय पाणी घालायचं नाही. घाई केली तर सूप नुसतं खारट पाणी लागतं. मग चार पाकळ्या लसूण ठेचून, एक टोमॅटो चिरून, एक लिटर पाणी. वीस मिनिटांनी गाळा आणि गाळणीत सालं डावाने दाबून शेवटचा थेंब काढून घ्या. त्यात अर्धी वाटी उकड्या तांदळाचा भात वाटून घाला, पाच मिनिटं उकळा, शेवटी सोललेली कोळंबी.

कोळंबी शिजली हे आकारावरून कळतं. विळ्यासारखी वाकली की झाली. शेपूट डोक्याकडच्या बाजूला टेकून गोल वेटोळं झालं की जास्त झाली, आता ती रबरासारखी लागेल. मध्यम आकाराला उकळत्या रसात दोन मिनिटं पुरतात, आणि गॅस बंद केल्यावरही गरम रसात ती शिजत राहते, हे धरून आधीच बंद करा.

तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सूपात रेती येते. कितीदाही धुतल्या तरी जात नाही.

बाहेरून धुऊन ती जाणारच नाही, कारण ती आत असते. तिसऱ्यांना स्वतःच ती बाहेर टाकू द्यावी लागते, आणि त्यासाठी त्या जिवंत हव्यात. एक लिटर पाण्यात साधारण २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे चव समुद्राच्या पाण्यासारखी. तिसऱ्या चाळणीत ठेवून ती चाळणी या पाण्याच्या पातेल्यात बसवा, तळाला दोन बोटं जागा राहू दे. वर कापड झाकून काळोखात दोन तास ठेवा. चाळणीची गरज अशी की सोडलेली रेती तळाला बसते; तिसऱ्या त्याच तळावर असल्या तर पाण्यासोबत ती पुन्हा आत ओढून घेतात. साध्या गोड्या पाण्यात भिजवल्या तर त्या मिटून बसतात किंवा मरतात.

मग शिंपल्यांवर शिंपले घासून धुवा. ज्या उघड्या आहेत त्यांवर टिचकी मारा. मिटल्या तर जिवंत, नाही मिटल्या तर टाका. अर्धा किलोला अर्धी वाटी पाणी पातेल्यात उकळून तिसऱ्या घाला, घट्ट झाका. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. न उघडलेल्या टाकून द्या, जबरदस्तीने उघडायच्या नाहीत. तळाला राहिलेलं पाणी दुहेरी पातळ कापडातून गाळून घ्या, कारण सूपची सगळी चव त्यातच आहे.

आता एक कांदा, चार पाकळ्या लसूण, अर्धा इंच आलं आणि एक हिरवी मिरची तेलावर परता, एक टोमॅटो घाला, तो विरघळला की गाळलेलं पाणी आणि साडेतीन वाट्या साधं पाणी. पाच मिनिटं उकळा, तिसऱ्या परत घाला, एक मिनिट, बंद. मीठ सगळ्यात शेवटी चाखून घाला. बहुतेक वेळा लागतच नाही. वर कोथिंबीर आणि मूठभर खवलेलं खोबरं. पावसात नद्यांना गढूळ पाणी येतं तेव्हा तिसऱ्या आणि खुबे खात्रीच्या ठिकाणचेच घ्या आणि अर्धवट उघडलेले खाऊ नका. शिंपल्यांतले जीव पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं.

नारळाचा रस घातला की सूप फाटतं.

नारळाच्या रसात स्निग्धांश प्रथिनांच्या आधाराने पाण्यात मिसळून असतो. जोरात उकळलं किंवा आंबट एकदम पडलं की प्रथिनं आखडतात, तेल वेगळं होतं. म्हणून पातळ दुसरा रस आधी वापरा, शिजणं-उकळणं त्यात होऊ दे. घट्ट पहिला रस शेवटी, मंद आचेवर, झाकण न ठेवता, सतत ढवळत. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की बंद. सोलं (आमसुलं) किंवा लिंबू त्यानंतर. पहिल्या रसात एक चमचा तांदळाचं पीठ कालवून घातलं तर तो बराच सावरून राहतो. फ्रिजमधला गार रस उकळत्या भांड्यात ओतू नका, आधी त्यात डावभर गरम सूप मिसळून घ्या.

कॉर्नफ्लॉवर न घालता सूप दाट कसं करायचं?

घरात असलेल्या गोष्टींनी. उकड्या तांदळाचा भात, बटाटा, मसूर डाळ, किंवा लाल भोपळा, ज्याला गोव्यात दुदी म्हणतात (घाटावरच्या पाहुण्यांना सांगताना हे आठवणीने स्पष्ट करा, नाहीतर ते दुधी भोपळा घेऊन येतात). पाव किलो लाल भोपळा, एक कांदा आणि दोन पाकळ्या लसूण पाच वाट्या पाण्यात बारा मिनिटं शिजवून घोटले की सूप तयार. वरून अर्धी वाटी नारळाचा रस आणि मिरपूड. पुरेसं आहे.

पोर्तुगालच्या उत्तरेकडून आलेलं काल्दु व्हेर्द याच जातीचं. तिथे त्यात कोबीच्या कुळातली गडद हिरवी पानं आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज असतात. इथे पालक चालतो. तीन मध्यम बटाटे, एक कांदा, तीन पाकळ्या लसूण आठ वाट्या पाण्यात मऊ शिजवून घोटा, एक मोठा चमचा ऑलिव्ह किंवा कोणतंही सौम्य तेल घाला. पानं केसासारखी बारीक चिरून उकळत्या सूपात तीन मिनिटं. झाकण ठेवू नका, पानांचा हिरवा रंग टिकतो. बटाटा मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवलात तर सूप खळीसारखं चिकट होतं, म्हणून रवीने किंवा डावाने घोटणंच बरं.

कुळथाच्या पिठीत गुठळ्या होतात.

पीठ गरम पाण्यात पडलं म्हणून. तीन मोठे चमचे पीठ आधी एक वाटी गार पाण्यात कालवा. फोडणीत लसूण, मिरची आणि कढीपत्ता, त्यावर चार वाट्या पाणी. ते कोमट असतानाच कालवलेलं पीठ ओता आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं मंद आचेवर शिजू दे, कच्चट वास त्याशिवाय जात नाही. दोन-तीन सोलं शेवटी. थंड होताना पिठी घट्ट होते, त्यामुळे गॅसवरून उतरवताना ती हवी त्यापेक्षा पातळच असावी.

ताजी मासळी ओळखायची कशी? आणि फॉर्मेलिनचं काय?

डोळे फुगीर आणि काचेसारखे, कल्ले लाल, पोट घट्ट, बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून येणारा. बांगडा शेपटीकडे लोंबत असेल तर शिळा. ताजा बांगडा डोक्याला धरून आडवा केला तरी ताठ राहतो. वास समुद्राचा यावा, अमोनियाचा नव्हे. कल्ले स्वतः उघडून पाहा.

फॉर्मेलिन म्हणजे मासळी टिकावी म्हणून वापरलं जाणारं विषारी रसायन. त्याची धास्ती २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातल्या तपासणीनंतर घरोघरी पोचली. माशी बसते की नाही, मासळी फार ताठ आहे का, अशा खुणांवरून ते खात्रीने ओळखता येत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्टीची चाचणी तयार केली आहे. खात्री हवी तर अशी चाचणी किंवा प्रयोगशाळा हाच मार्ग. रोजच्या व्यवहारात ओळखीच्या मासळीवालीकडून, जवळच्या धक्क्यावर उतरलेली आणि हंगामातली मासळी घेणं हे त्यातल्या त्यात भरवशाचं. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने सगळं निघून जातं, या समजावर विसंबू नका.

तव्यावर मासळी चिकटते, रवा सुटतो. बाजारातल्या खाणावळीसारखी होत नाही.

चिकटण्याचं कारण ओलावा, सुटण्याचं कारणही ओलावा. चार मध्यम बांगड्यांना दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरके छेद द्या, छेद काट्यापर्यंत पोचला पाहिजे. कापडाने आतून-बाहेरून कोरडे पुसा. पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मिरची पूड, एक मोठा चमचा चिंचेचा दाट कोळ. हे चोळून पंधरा-वीस मिनिटं. तासभर ठेवला तर मीठ पाणी ओढून काढतं आणि लावलेला मसाला ताटलीत उतरतो. सुटलेलं पाणी ओतून द्या. मग अर्धी वाटी बारीक रवा आणि दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात मासा घोळवा, हलकेच दाबा, जास्तीचा झटका. घोळवून ठेवू नका, घोळवला की लगेच तव्यावर.

तवा आधी तापवा, मग तीन मोठे चमचे खोबरेल. रव्याचे चार कण टाकून बघा, लगेच चुरचुरले तर मासे सोडा. आच मध्यम. आणि आता हात लावू नका. पहिली तीन-चार मिनिटं तो तव्याला धरलेला असतो. कवच झालं की आपोआप सुटतो. कडेला सोनेरी रेघ दिसली आणि उलथणं सहज आत गेलं तरच परतवा. तवा गच्च भरू नका, दोन माशांमध्ये बोटभर अंतर हवं, नाहीतर वाफ कोंडते आणि तळण्याऐवजी मासे उकडतात. दुसऱ्या बाजूने तीन-चार मिनिटं. इसवणाची (सुरमईची) बोटभर जाडीची कापं असतील तर तेवढाच वेळ. लेपो आणि मुडदुशीला दोन-दोन मिनिटं भरपूर झाली.

तेल आणखी कमी हवं असेल तर रवा सोडा, नुसता मसाला लावून एक चमचा तेलावर झाकण ठेवून परता. वेगळा पदार्थ म्हणून तो चांगलाच लागतो, फक्त कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नये.

साधं हुमण कमी वेळात कसं करायचं?

दीड वाटी खवलेलं खोबरं, आठ सुक्या मिरच्या, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. मिरच्या आणि धणे दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवा, वाटण लवकर आणि मऊ होतं. मिक्सरमध्ये पाणी बेताने घाला. पाणी जास्त झालं की खोबरं पात्यांभोवती नुसतं फिरतं, रवाळ राहतं आणि हुमण पाण्यासारखं वेगळं दिसतं. बोटांत चोळून बघा, कण लागला नाही पाहिजे.

वाटणात अडीच वाट्या पाणी, मीठ, थोडा चिरलेला कांदा. आठ-दहा मिनिटं उकळू दे. या टप्प्यावर चाखा आणि मीठ-आंबट पुरं करा. मग मासळी सोडा, आच मंद, सहा ते आठ मिनिटं. मासळी पडल्यावर डाव घालायचा नाही. भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हिंदळायचं. काट्याजवळचं मांस पांढरं आणि अपारदर्शक झालं, सहज सुटलं की झालं.

वाटणाचा कंटाळा हे हुमण न होण्याचं मुख्य कारण असतं. सुटीच्या दिवशी तिप्पट वाटण करून बर्फाच्या साच्यात गोठवा आणि मग डब्यात भरा. महिनाभर टिकतं.

तेफळं (तिरफळं) कधी आणि किती?

सात-आठ, आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत. फळं पाण्यात भिजवून आतलं काळं बी काढून टाका, ते कडवट असतं. वास सालीत आहे. साल हलकेच ठेचा, वाटू नका, वाटल्यावर औषधासारखं लागतं आणि जीभ बधिर होते. तेफळ शोभतं ते बांगडे, तारले अशा तेलकट मासळीला. पापलेट किंवा सुंगटांत ते मासळीची नाजूक चव झाकून टाकतं, तिथे नकोच. लसूण आणि तेफळ एका हुमणात सहसा घालत नाहीत, दोघांचे वास भांडतात.

सोलं, आगळ, चिंच, ओटंब, कैरी: काय कशात?

चिंच वाटणात जाते, रंग गडद करते, सगळ्या मासळीला चालते. सोलं शेवटी टाकायची, चार-पाच, आणि ती खारवलेली असतील तर मीठ आधीच कमी घ्यायचं. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, तर फारच खारट, एका चमच्याने सुरुवात करा. ओटंब हे आंबट फळ; सुकी ओटंबं आधी भिजवून रसाबरोबर उकळावी लागतात, आंबट हळू सोडतात. कैरीच्या दिवसांत सुंगटांबरोबर कैरीच. आंबट काहीही असलं तरी ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको, चवीला धातू लागतो. स्टील किंवा मातीचं भांडं घ्या.

आजारी माणसाला, लहान मुलाला किंवा वयस्करांना काय द्यावं?

मुडदुशीचं पातळ सार. पाव किलो मुडदुशी, पाच वाट्या पाणी, अर्धा चमचा जिरं आणि तीन पाकळ्या लसूण एकत्र ठेचून, चिमूटभर हळद, सात-आठ मिरी भरडून. पाणी पाच मिनिटं उकळलं की मासळी घाला, पाच मिनिटांत होते. दोन सोलं. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर द्या. पेजेला एक वाटी तांदळास आठ वाट्या पाणी आणि पाऊण तास धरा. कुकरला लावली तर वेळ वाचतो. लहानांना देताना मांस दोन बोटांत चोळून काटा तपासा, डोळ्यांवर विसंबू नका.

दुसरा सोपा प्रकार पानातला. चोणकाच्या किंवा पापलेटच्या बोटभर जाडीच्या कापांना कोथिंबीर, ओलं खोबरं, एक मिरची, लसूण आणि लिंबू यांचं वाटण लावा. केळीचं पान आचेवर फिरवून मऊ करा, नाहीतर दुमडताना चिरतं. पुडी बांधून उकळत्या पाण्यावर दहा मिनिटं वाफवा. पुडी उघडताना आतला रस ताटलीत धरा, तो भातावर घ्यायचा.

जून-जुलैत ताजी मासळी नसते तेव्हा?

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. मासळीच्या विणीचा हा काळ आहे आणि बंदी पाळली तरच पुढे बांगडा मिळेल. या दिवसांत खाडीतले शेवटे, काळुंदर मिळतात. आणि पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून मे महिन्यात भरून ठेवलेली सुकी मासळी असते.

किसमूर दहा मिनिटांचा पदार्थ. एक वाटी सुकी सुंगटं डोकी-शेपट्या मोडून, चाळून घ्या. चाळणीखाली रेती पडते. कोरड्या तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा, बोटाने कुस्करली की मोडली पाहिजेत. एक कांदा बारीक चिरून, एक वाटी खवलेलं खोबरं, अर्धा चमचा मिरची पूड, थोडा चिंचेचा कोळ हे हाताने कालवा. सुंगटं अगदी जेवायला बसताना मिसळा, आधी मिसळली तर मऊ पडतात. मीठ घालण्याआधी चाखा. रक्तदाब असलेल्यांनी सुकी मासळी चवीपुरतीच घ्यावी. धुऊन मीठ कमी होतं, संपत नाही.

फ्रिजमध्ये किती दिवस?

कच्ची मासळी साफ करून, पुसून, सगळ्यात गार खणात एक दिवस, फार तर दोन. फ्रीजरमधली मासळी आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा. ओट्यावर वितळवली तर बाहेरून खराब होते आणि आत बर्फच असतो. शिजवलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं आणि दोन दिवसांत संपावं.

बांगडा, तारले आणि टूना यांच्याबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्या. हे मासे उन्हात किंवा गरम गाडीत राहिले तर जिवाणूंमुळे त्यांत हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, ओठ चुरचुरणं, डोकं दुखणं, अंगावर पित्तासारखे चट्टे, असा त्रास होतो. शिजवून किंवा तळून हिस्टामिन नष्ट होत नाही. म्हणून बाजाराला जाताना पिशवीत बर्फ न्या आणि मासळी सगळ्यात शेवटी घ्या. त्रास वाढला, श्वास जड झाला तर ताबडतोब डॉक्टरांकडे.

तब्येतीसाठी सगळ्यात चांगली मासळी कोणती?

बांगडे आणि तारले. ओमेगा-३ भरपूर, भाव इसवण-पापलेटपेक्षा कमी, आणि लहान मासे असल्यामुळे पारा नगण्य. मोरीसारख्या (शार्कसारख्या) मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांना मोरी देऊ नये. युरिक ॲसिडचा त्रास असेल तर तारले, बांगडे आणि शिंपल्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

मासळी प्रेशर कुकरला लावली तर?

नको. शिटी होईपर्यंत तिचा भुगा होतो.

सूपबरोबर काय?

पोई, म्हणजे गोव्याचा पाव. कोंड्याची असते, सूपात बुडवली तरी लगेच विरघळत नाही. संध्याकाळी पोदेर (पाववाला) येऊन गेला असेल तर सकाळची पोई कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजा.

उरलेलं हुमण दुसऱ्या दिवशी कसं गरम करावं?

त्याची कालची कोडी करा, गोव्यात अनेकांना ती ताज्या हुमणापेक्षा आवडते. रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेलं हवं. सकाळी मासळीचे तुकडे अलगद बाजूला काढा. रस मातीच्या किंवा जाड बुडाच्या भांड्यात पूर्ण उकळी आणून मग मंद आचेवर आटवा, मधूनमधून तळ खरवडत, दहा-बारा मिनिटं. तो डावाच्या पाठीला चिकटून राहील इतका दाट झाला आणि कडेला तेल दिसू लागलं की मासळी परत घाला, ती आतपर्यंत वाफाळेल एवढं गरम करा. मीठ घालू नका, आटल्यावर ते आपोआप वाढलेलं असतं.